डहाणू-तलासरीच्या मुलांसाठी जपान : विनिमय विद्यार्थ्याचे रोजचे जगणे

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांचा जपानशी असलेला संबंध गेल्या काही दशकांत तीन वाटांनी जुळत गेला आहे. पहिली वाट वारली चित्रकलेची आहे. गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहणारे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी घराच्या भिंतीवरची ही कला कागदावर आणि कापडावर आणली, तिची कीर्ती देशाबाहेर गेली, आणि जपानच्या निइगाता प्रांतातील तोकामाची येथे तोकिओ हासेगावा यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या मिथिला संग्रहालयाने बिहारमधील मिथिला चित्रांच्या जोडीला वारली चित्रेही जमवली व वारली चित्रकारांना तेथे राहून काम करण्यासाठी बोलावले. दुसरी वाट उलट दिशेने आली : २०१० नंतरच्या दशकात ‘वॉल आर्ट फेस्टिव्हल’ या उपक्रमातून जपानी कलावंत गंजाडच्या शाळेत येऊन राहिले, वर्गांच्या भिंती त्यांनी रंगवल्या, आणि मयूर व तुषार वायेडा यांच्यासारख्या येथील तरुण चित्रकारांचे जपानशी काम सुरू झाले. तिसरी वाट रुळांची. १४ सप्टेंबर २०१७ रोजी भूमिपूजन झालेला ५०८ किलोमीटरचा मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वेमार्ग, ज्याला सर्वजण बुलेट ट्रेन म्हणतात, जपानी तंत्रज्ञानावर आणि ‘जायका’ या जपानी संस्थेच्या कर्जावर उभा राहत असून तो या दोन्ही तालुक्यांतून जातो. त्यासाठी येथील शेते गेली, घरे गेली आणि अनेक गावांनी त्याला विरोधही केला.

चित्रे जपानला गेली, जपानी कलावंत इकडे आले, रेल्वे आली. मात्र कैनाडसारख्या वारली वस्तीच्या गावातील शाळकरी किंवा महाविद्यालयीन मुलगा अथवा मुलगी विद्यार्थी म्हणून जपानला जाऊन राहू शकते, ही गोष्ट या भागात अजून फारशी बोलली जात नाही. ज्या देशाच्या रेल्वेसाठी येथील जमीन मोजली गेली, त्या देशातील वर्गात येथील मुलांनी बसावे ही अपेक्षा मुळीच अवास्तव नाही. त्यासाठी तेथील रोजचे जगणे नेमके कसे असते, त्यात काय परके वाटेल, काय ओळखीचे वाटेल आणि कोठे जपावे लागेल, हे आधी समजून घेणे आवश्यक ठरते.

विनिमय विद्यार्थी, ज्याला व्यवहारात एक्स्चेंज स्टुडंट म्हणतात, तो परदेशी पदवी घेण्यासाठी गेलेला विद्यार्थी नव्हे. आपल्या शाळेत किंवा विद्यापीठात त्याचे नाव कायम असते, ठरावीक काळापुरता तो दुसऱ्या देशातील शिक्षणसंस्थेत जाऊन शिकतो आणि परत येऊन आपला मूळ अभ्यासक्रम पुरा करतो. दोन विद्यापीठांत करार असेल तर बहुधा फी आपल्याच विद्यापीठात भरायची असते आणि तिकडची फी माफ होते. जपानी शिक्षण मंत्रालयाची शिष्यवृत्ती, जी ‘मेक्स्ट’ या नावाने ओळखली जाते, १९५४ पासून चालू आहे आणि तिच्या अनेक प्रकारांपैकी एक प्रकार जपानी भाषा व संस्कृती शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांना सुमारे एका वर्षासाठी जपानला नेतो. शालेय वयासाठी ‘एएफएस’सारख्या संस्था आहेत, ज्या पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना जपानी कुटुंबात राहण्याची सोय करून देतात, तर २०१४ मध्ये सुरू झालेला ‘सकुरा सायन्स’ हा उपक्रम विज्ञानात गती असलेल्या मुलांना थोड्या दिवसांच्या भेटीवर नेतो. मुक्काम आठवड्याचा असो की वर्षाचा, परत येणे हा विनिमयाचा अविभाज्य भाग असतो.

महाराष्ट्रातून शिकण्यासाठी जपानकडे पाहण्याची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०५ साली रशियावर विजय मिळवणाऱ्या या आशियाई देशाने स्वदेशी चळवळीतील तरुणांचे मन वेधून घेतले. लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला तेव्हा जपानमध्ये काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे कामी आले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टोकिओतील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ उभे राहिले. अलीकडच्या काळातील सर्वांत बोलके उदाहरण योगेंद्र पुराणिक यांचे आहे : मूळचे अंबरनाथचे, पुण्यात जपानी शिकलेले, १९९० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी म्हणून जपानला गेलेले हे गृहस्थ पुढे तेथेच स्थायिक झाले, जपानी नागरिक बनले आणि २०१९ मध्ये टोकिओतील एदोगावा विभागाच्या स्थानिक सभेवर निवडून आले. त्यांचा मार्ग पुण्यातून गेला, कारण जपानी शिकवणाऱ्या संस्था आणि शिक्षक यांची जुनी परंपरा तेथे आहे. डहाणूच्या मुलांना ही सोय घराजवळ नाही, आणि हा फरक पुढे सतत आड येतो.

जपानमध्ये उतरल्यावर विद्यार्थ्याचा पहिला परिचय होतो तो कार्यालयीन शिस्तीशी. तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला मोठ्या विमानतळावरच निवासपत्र मिळते, हे छायाचित्र असलेले छोटे कार्ड सतत जवळ बाळगावे लागते आणि राहण्याची जागा ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत स्थानिक नगरपालिकेत जाऊन त्यावर पत्ता नोंदवून घ्यावा लागतो. त्याच वेळी राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव जाते, आणि त्यानंतर दवाखान्याच्या बिलातील ३० टक्के रक्कम रुग्णाने व उरलेली विम्याने भरायची असते. वीस वर्षांवरील विद्यार्थ्याला निवृत्तिवेतन योजनेतही नोंद करावी लागते. मात्र विद्यार्थी म्हणून हप्त्यातून सवलत मागता येते, आणि ती मागितली नाही तर हप्त्याची पत्रे घरी येत राहतात. तलाठी कार्यालय, सेतू केंद्र आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यांच्या फेऱ्या मारलेल्या कुटुंबातील मुलाला कागदपत्रांचे ओझे नवे नसते. नवे असते ते इतकेच की तेथील प्रत्येक कागदाला मुदत असते आणि ती मुदत खरोखर पाळली जाते.

राहण्याची व्यवस्था दोन प्रकारची असते. शाळकरी विद्यार्थी यजमान कुटुंबात राहतो. अशा कुटुंबांना बहुतेक उपक्रमांत मोबदला मिळत नाही, ती आपखुशीने परक्या मुलाला घरात घेतात आणि घरच्या मुलासारखीच कामेही सांगतात. विद्यापीठातील विद्यार्थी वसतिगृहात किंवा छोट्या खोलीत राहतो. दोन्हीकडे दाराशी एक खालची पायरी असते, तेथे पादत्राणे काढून ती बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवायची असतात, आणि तातामी म्हणजे गवताच्या विणलेल्या चटयांच्या खोलीत सपाताही चालत नाहीत. शेणाने सारवलेल्या ओटीवर चपला घालून न जाण्याची सवय ज्याला लहानपणापासून आहे, त्याला हे शिकवावे लागत नाही. स्नानाची पद्धत मात्र समजून घ्यावी लागते : आधी बाहेर बसून साबण लावून अंग पूर्ण धुवायचे, मग गरम पाण्याच्या खोल टाकीत बसायचे, आणि ते पाणी सोडून द्यायचे नाही, कारण घरातील पुढची माणसे त्याच पाण्यात बसणार असतात.

जेवणाविषयी महाराष्ट्रात जी भीती बोलली जाते, ती बहुतांशी शहरी शाकाहारी घरांची आहे. जपानी स्वयंपाकात रश्शाचा पाया वाळवलेल्या बोनितो माशाचा किंवा समुद्री शेवाळाचा असतो, त्यामुळे दिसायला भाजीचा वाटणारा पदार्थही अनेकदा मासळीच्या पाण्यात शिजलेला असतो, आणि कडक शाकाहारी विद्यार्थ्याला दर वेळी विचारून खावे लागते. डहाणूच्या किनारपट्टीवरून बाजाराच्या दिवशी आत पाड्यांपर्यंत जाणाऱ्या सुकट-बोंबलांवर वाढलेल्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. भात, मासळी, वाळवलेली मासळी, बांबूचे कोवळे कोंब, रानातून खुडून आणलेल्या भाज्या ही जपानच्या डोंगराळ भागातील रोजच्या जेवणाची घडण आहे. वसंतात तेथील लोक डोंगरात जाऊन नेच्याचे कोंब व रानभाज्या गोळा करतात, जशी कैनाड-गंजाडच्या बायका पहिल्या पावसानंतर शेवळे शोधायला जातात. जपानी भात आखूड दाण्याचा आणि चिकट असतो, तिखट जवळजवळ नसते, आणि तेल फार कमी लागते, म्हणून पहिल्या महिन्यात जेवण फिके वाटणे साहजिक आहे. घरून नेलेले लाल तिखट या काळात पुष्कळ कामी येते. आंबे-चिकूसारखी फळे मात्र महाग असतात आणि घोलवडच्या चिकूची चव तेथे मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही.

शाळेचा दिवस लांबलचक असतो. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. माध्यमिक शाळेची शेवटची तीन वर्षे, म्हणजे आपल्याकडची दहावी ते बारावी, वेगळ्या शाळेत भरतात आणि विनिमय विद्यार्थी बहुधा तेथेच दाखल होतो. सकाळी साडेआठच्या सुमारास हजेरी, पन्नास मिनिटांचे सहा तास, दुपारी घरून आणलेला डबा, आणि शेवटच्या तासानंतर स्वच्छता. वर्ग, जिने, संडास, मैदान हे सारे विद्यार्थी गट करून झाडतात आणि पुसतात. त्यानंतर क्लब असतो, ज्यात खेळ, वाद्यवृंद, सुलेखन, चित्रकला यांपैकी एक विषय निवडून संध्याकाळी सहापर्यंत आणि कित्येकदा सुटीच्या दिवशीही सराव करावा लागतो. भाषा न येणाऱ्या विद्यार्थ्याला मित्र मिळतात ते या क्लबमध्ये. वर्गात बोलणे नसते, मैदानावर आणि रंगाच्या डब्यांपाशी बोलावेच लागते. वारली चित्र काढता येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला येथे मोठा आधार मिळू शकतो, कारण हाताचे काम दिसते आणि त्याला व्याकरण लागत नाही.

स्वच्छतेच्या या रीतीविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. आश्रमशाळेत, म्हणजे आदिवासी विकास विभागाच्या निवासी शाळेत, शिकलेल्या मुलांनी अंगण झाडले आहे, पाणी भरले आहे, आणि त्या कामाविषयी त्यांच्या मनात कित्येकदा रागही असतो, तो अकारण नसतो, कारण शहरातील चांगल्या शाळांत मुलांना हे करावे लागत नाही हे त्यांना ठाऊक असते. जपानी शाळेतील स्वच्छतेचे मोल त्या कामात नाही, त्यातून कोणालाही सूट नसण्यात आहे. डॉक्टरचा मुलगा आणि शेतकऱ्याची मुलगी एकाच बादलीत फडके पिळतात. डहाणू तालुक्याला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे बालशिक्षण उभे केले, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या आणि अंगणवाडीची कल्पना देशाला दिली, त्यात हातपाय धुणे, झाडणे आणि सारवणे हा पाठाचाच भाग होता. कोसबाडचे हे काम ज्याला माहीत आहे, त्याला जपानी शाळेतील झाडूफडके अपमानाचे वाटणार नाहीत.

भाषेच्या बाबतीत जी अडचण आहे ती लिपीची, बोलण्याची तितकी नाही. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, नामाला जोडून शब्दांचे संबंध दाखवणारे प्रत्यय लागतात, आणि समोरच्याच्या वयामानाप्रमाणे क्रियापदाचे रूप बदलते. मराठी माणसाला ही रचना इंग्रजीपेक्षा जवळची वाटते. घरी वारली, शाळेत मराठी, तलासरी-उंबरगावच्या बाजारात गुजराती आणि दूरदर्शनवर हिंदी अशा चार भाषांत वाढलेल्या मुलाला पाचवी भाषा कानाने उचलणे जड जात नाही. लिपी मात्र श्रम मागते : हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमाला, प्रत्येकी ४६ मूळ चिन्हांच्या, महिनाभरात येतात, पण वर्तमानपत्र वाचण्यासाठी कांजी म्हणजे चिनी मूळ असलेली चित्राक्षरे लागतात आणि सरकारमान्य नित्योपयोगी यादीतच ती २,१३६ आहेत. भाषेची पातळी ठरवणारी ‘जेएलपीटी’ ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, तिच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या आहेत आणि मुंबई व पुण्यात तिची केंद्रे आहेत. शालेय विनिमयासाठी तिची अट नेहमी असतेच असे नाही. तरीही सर्वांत खालची पायरी चढून गेलेल्या विद्यार्थ्याचे पहिले तीन महिने पुष्कळ सोपे जातात.

डहाणू-तलासरीच्या मुलाला जपानमध्ये एक गोष्ट महाराष्ट्रातील बहुतेकांपेक्षा लवकर उमगेल, ती म्हणजे भूकंप. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांत लहानमोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी चारपेक्षा अधिक तीव्रतेचा धक्का बसला, घरांना तडे गेले, आणि थंडीच्या रात्री कुटुंबेच्या कुटुंबे ताडपत्रीच्या तंबूंत झोपली. जमिनीखालून येणारा तो गडगडाट येथील मुलांनी ऐकलेला आहे. जपानमध्ये धक्का बसल्याबरोबर दूरचित्रवाणीवर आणि फोनवर दोन प्रकारचे आकडे येतात : एक भूकंपाची एकूण शक्ती सांगणारा, आणि दुसरा ‘शिंदो’, म्हणजे एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष किती हादरे जाणवले ते शून्यापासून सातपर्यंत सांगणारा, ज्यात पाच आणि सहा या आकड्यांचे सौम्य व तीव्र असे दोन-दोन भाग केल्यामुळे एकूण दहा पायऱ्या होतात. सामान्य माणूस दुसऱ्या आकड्याकडे आधी पाहतो, कारण पळायचे की थांबायचे ते त्यावर ठरते. १९२३ च्या कांतो भूकंपाच्या स्मरणार्थ १ सप्टेंबरला देशभर सराव होतात. शाळेत घंटा होताच मुले बाकाखाली जातात, बाकाचा पाय घट्ट धरतात, मग रांगेने मैदानात येतात, आणि वर्गशिक्षक डोकी मोजून वर कळवतो. घरात दाराजवळ पाणी, विजेरी, औषधे आणि कागदपत्रे असलेली पिशवी टांगलेली असते, कपाटे भिंतीला जखडलेली असतात, आणि जवळचे आश्रयस्थान कोणते हे लहान मुलालाही माहीत असते.

ही तयारी पाहून तलासरीच्या मुलाच्या मनात प्रश्न उभे राहणे स्वाभाविक आहे, आणि ते राहावेत. येथे धक्के सुरू झाले तेव्हा तंबू आले, पथके आली, मार्गदर्शनही झाले, पण विटामातीच्या आणि कुडाच्या घरांत राहणाऱ्या माणसाने रोजच्या सवयीत काय बदल करावा हे शाळेच्या दिनक्रमात कायमचे उतरले नाही. विनिमयातून परत येणाऱ्या एका विद्यार्थ्याने जिल्हा परिषदेच्या आपल्या शाळेत महिन्यातून एकदा असा सराव घ्यायला लावला, तर त्याच्या जपानमधील वर्षाचा याहून मोठा उपयोग सांगता येणार नाही.

पैशाचा हिशेब आधीच मांडलेला बरा. जपानी शासनाच्या शिष्यवृत्तीवर गेलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला दरमहा सुमारे १,१७,००० येन मिळतात. विद्यापीठांच्या करारातून जाणाऱ्या काहींना ‘जासो’ या संस्थेकडून दरमहा ८०,००० येन मिळतात. अलीकडच्या दराने १०० येन म्हणजे ढोबळमानाने ५५ ते ६५ रुपये, त्यामुळे रुपयांत ही रक्कम मोठी दिसते, पण खोलीभाडे, विमा, रेल्वेचा मासिक पास आणि जेवण यांत ती सहज संपते. विद्यार्थ्याला नोकरी करायची असल्यास वेगळी परवानगी काढावी लागते आणि ती आठवड्याला २८ तासांचीच असते, मोठ्या सुटीत दिवसाला आठ तासांपर्यंत. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशाचे सरासरी किमान वेतन ताशी १,०५५ येन झाले होते, म्हणजे त्या दराने पूर्ण २८ तास काम करणाऱ्याला आठवड्याला साधारण २९,५०० येन मिळत. चोवीस तास उघडी असणारी दुकाने आणि उपाहारगृहे यांत परदेशी विद्यार्थी मोठ्या संख्येने दिसतात. तासांची मर्यादा ओलांडणे हा गुन्हा आहे, त्याने पुढील व्हिसा नाकारला जाऊ शकतो. म्हणून कमाईच्या मोठ्या आश्वासनांवर विद्यार्थ्याला जपानला पाठवू पाहणाऱ्या दलालापासून पालकांनी दूर राहावे. शिकण्यासाठी जाणे आणि मजुरीसाठी जाणे यांचे कायदे वेगळे आहेत. वीटभट्टीच्या उचलीचा अनुभव असलेल्या या भागात आधी हातात पडणाऱ्या पैशाचा अर्थ काय होतो, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

शेजाऱ्यांशी संबंध बिघडतो तो बहुधा कचऱ्यावरून. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, डबे, कागद असे प्रकार वेगळे करून प्रत्येकासाठी ठरलेल्या वारी, बहुधा सकाळी आठच्या आत, ठरलेल्या जागी ठेवावे लागतात. चुकीची पिशवी न उचलता तशीच ठेवली जाते आणि ती कोणाची हे गल्लीला कळते. तोकुशिमा प्रांतातील कामिकात्सु या लहान गावात तर कचरा चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा केला जातो. याखेरीज रात्री मोठ्याने बोलणे आणि आगगाडीत फोनवर बोलणे टाळायचे असते. डहाणू रोडवरून सुटणाऱ्या लोकलची सवय असलेल्याला भरगच्च डब्यातील ती शांतता काही दिवस अस्वस्थ करते.

सर्वांत कठीण भाग हिवाळ्याचा आणि एकटेपणाचा आहे. समुद्राकाठच्या दमट हवेत वाढलेल्या माणसाला तोकामाचीसारख्या प्रदेशाची कल्पना येत नाही. तेथे दर हिवाळ्यात माणसाच्या उंचीहून अधिक बर्फ साचते, छपरावरचे बर्फ फावड्याने खाली ओढावे लागते, आणि घरभर ऊब ठेवण्याची पद्धत नसल्याने माणसे कोतात्सुभोवती, म्हणजे खाली तापक व वर रजई असलेल्या बुटक्या मेजाभोवती, संध्याकाळ काढतात. हेच बर्फ वितळून त्या भागातील उओनुमाच्या प्रसिद्ध भाताला पाणी मिळते. अशा ठिकाणी भाषेवाचून राहणाऱ्या माणसाचे मन किती खचू शकते, याचे दुःखद उदाहरण भारतीय कलाक्षेत्राच्या स्मरणात आहे : मध्य प्रदेशातील थोर गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांनी २००१ साली तोकामाचीच्या मिथिला संग्रहालयात निवासी असताना स्वतःचे जीवन संपवले, आणि त्यानंतर परदेशी निवासातील एकटेपणा, मुक्कामाच्या अटी आणि कलावंतांची काळजी यांवर देशात गंभीर चर्चा झाली. ते विद्यार्थी नव्हते आणि काळही वेगळा होता. आज फोनवर घरचे चेहरे दिसतात. तरीही घर सोडून जाणाऱ्या प्रत्येक तरुणासाठी त्यातून घेण्यासारखे आहे. आपल्या उपक्रमाचा स्थानिक समन्वयक कोण, विद्यापीठातील समुपदेशन कक्ष कोठे, मध्येच परतायचे झाल्यास काय करायचे आणि तिकिटाचा खर्च कोण करणार, हे निघण्यापूर्वी लेखी माहीत असले पाहिजे. परत येणे हा पराभव नाही, हे पालकांनी मुलाला निघतानाच सांगायला हवे. आश्रमशाळेत सहाव्या-सातव्या वर्षापासून घराबाहेर राहिलेली मुले एकटेपणा सोसायला शिकलेली असतात, पण सोसण्याची सवय असणे म्हणजे त्रास नसणे नव्हे, आणि अशी मुले आपले दुःख उशिरा बोलतात.

उन्हाळा सुरू झाला की चित्र पालटते. ऑगस्टच्या सुमारास पूर्वजांच्या स्मरणाचा ‘बोन’ सण येतो, गावाच्या मोकळ्या जागेत लाकडी मंच उभारतात, त्यावर ढोल वाजतो आणि त्याभोवती म्हातारे-तरुण गोल धरून रात्री उशिरापर्यंत नाचतात. तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारा वारली नाच ज्याने पायांनी अनुभवला आहे, तो या गोलात फार वेळ बाहेर उभा राहणार नाही. टोकिओच्या एदोगावा विभागात, विशेषतः निशी-कासाईच्या परिसरात, भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि टोकिओतील मराठी मंडळींचा गणेशोत्सव तेथील विद्यार्थ्यांना आपली भाषा ऐकण्याची संधी देतो.

हे सारे पाहता डहाणू-तलासरीच्या मुलांना जपानमधील जगणे जमेल की नाही, हा प्रश्न गौण ठरतो. खरी अडचण जपानमध्ये नसून निघण्यापूर्वीच्या टप्प्यात आहे. निवड इंग्रजी अर्जावर आणि मुलाखतीवर होते, माहिती मुंबई-पुण्याच्या शाळांपर्यंत आधी पोहोचते, आणि पारपत्रासाठी लागणाऱ्या जन्मदाखल्यावरचे नाव व शाळेच्या दाखल्यावरचे नाव जुळत नाही म्हणून कित्येकांचे वर्ष जाते. आठवी-नववीतच ही नावे तपासून घेणे आणि जातपडताळणीचे प्रमाणपत्र लवकर मिळवणे हे काम शाळेने व पालकांनी मिळून करण्यासारखे आहे. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी जपानला जायचे असेल तर केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या वर्षाला २० जागा असून त्यांतील ३ विशेष असुरक्षित आदिम जमातींसाठी राखलेल्या आहेत, आणि पालघर जिल्ह्यातील कातकरी समाज त्यात मोडतो. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही परदेश शिक्षणाची योजना आहे, आणि डहाणूच्या प्रकल्प कार्यालयात तिची विचारणा करता येते. ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्तीच्या सूचना जपानच्या मुंबईतील वाणिज्य दूतावासाकडून दरवर्षी निघतात.

शालेय विनिमयात आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागते. जपानचे वर्ष एप्रिलमध्ये आणि आपले जूनमध्ये सुरू होत असल्यामुळे दहावी किंवा बारावीच्या वर्षी गेलेल्या विद्यार्थ्याची परीक्षा हुकू शकते. नववी किंवा अकरावी हा त्यातल्या त्यात योग्य काळ, आणि परतल्यावर त्याला कोणत्या वर्गात बसवायचे याचे लेखी पत्र मुख्याध्यापकांकडून आधीच घ्यावे. विद्यापीठ पातळीवर हीच बाब श्रेयांकांची असते : तिकडे उत्तीर्ण झालेले विषय इकडच्या गुणपत्रकात धरले जाणार की नाहीत, हे करारात तपासून, त्याप्रमाणेच तिकडचे विषय निवडावेत. परतलेल्या विद्यार्थ्याकडे त्या वर्षाची गुणपत्रिका आणि जपानी भाषेच्या परीक्षेचे प्रमाणपत्र ही दोन कागदपत्रे असली, तर बोईसर-तारापूरच्या उद्योगांत, पर्यटनात, भाषांतरात किंवा ज्या रेल्वेमार्गाचे खांब आता त्याच्याच तालुक्यात उभे आहेत तेथे नोकरी मागताना ती पुढे ठेवता येतात.